डिझेल इंजिनाचा श्वास आणि फुसफुसणारी झडप



या व्याख्यानमालेत काल-परवा मोठमोठ्या विषयांचे विवेचन झाले. त्यानंतर ट्रकच्या एका मुठीएवढ्या झडपेवर तासभर बोलायला मी उभा राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. म्हणून विषय कसा सुचला ते आधी सांगतो.

आमच्या शेजारचा एक तरुण स्वतःचा ट्रक चालवतो. ट्रक जुना, पण टर्बोचा. कर्ज काढून घेतलेला. एके दिवशी संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, "काका, गाडीला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवतोय. गिअर बदलताना फिस्स असा आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो, त्याने टर्बोचं आयुष्य वाढतं. तुमचं काय म्हणणं आहे?"

मी आयुष्यभर इंजिनांच्या सहवासात राहिलेला माणूस. चटकन "नको" म्हणून मोकळा झालो असतो. पण नुसत्या नकाराने तरुण माणसाचे समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. त्याला मी जे समजावले तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे. दिसायला प्रश्न लहान आहे. पण त्यात त्या मुलाचे कर्ज अडकले होते, त्याचे डिझेल अडकले होते, आणि घाटात त्याच्या मागेपुढे चालणाऱ्या तुमच्या-आमच्या गाड्याही अडकल्या होत्या.

भाता आणि भट्टी

लोहाराची भट्टी आपण सर्वांनी पाहिली आहे. कोळसा कितीही घाला, भाता चालला नाही तर भट्टी पेटत नाही, नुसती धुमसते. इंजिनाचेही तसेच आहे. इंधन जाळायला हवा लागते. एक किलो डिझेल पुरते जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. सिलिंडरमध्ये इंधन जास्त घालणे फारसे कठीण नाही; हवा जास्त घालणे हे खरे अवघड काम.

हे काम करण्याची एक नामी युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराला सुचली आणि 1905 साली त्याने तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा धूर गरम असतो, वेगवान असतो आणि त्यातली शक्ती फुकट जाते. ब्यूखी म्हणाला, या धुराच्या मार्गात एक चक्र बसवा. धूर ते फिरवील. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंख्यासारखे दुसरे चक्र बसवा. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनाच्या तोंडात भरील. यालाच आपण टर्बो म्हणतो. म्हणजे भट्टीच्या स्वतःच्या धुरावर चालणारा भाता! 1925 च्या सुमारास ही युक्ती डिझेल इंजिनावर यशस्वी झाली, आणि 1938 साली सौरर या स्विस कारखान्याने ट्रकच्या इंजिनाला टर्बो जोडला. आज रस्त्यावरचा जवळजवळ प्रत्येक नवा ट्रक टर्बोचाच असतो.

या भात्याचा आवाका आकड्यांत सांगतो. सहा लिटरचे एक इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत आहे असे धरा. चार फटक्यांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरून श्वास घेते. म्हणजे फेऱ्यामागे तीन लिटर, मिनिटाला सहा हजार लिटर, सेकंदाला शंभर लिटर. हीच हवा टर्बोने अडीचपट दाबून आणि मध्ये गार करून दिली, तर बाहेरची सुमारे दोनशे लिटर हवा सेकंदाला इंजिनात जाते. त्यासाठी ते छोटे चक्र मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेत असते. दाबल्याने हवा तापते. तीस अंशांवरची हवा अडीचपट दाबली की ती दीडशे अंशांच्या घरात पोचते. ती गार करायला रेडिएटरसारखा जो डबा पुढे बसवलेला असतो, तो इंटरकूलर.

पेट्रोलची गोष्ट

आता त्या झडपेकडे वळू. ती मुळात आली पेट्रोलच्या मोटारींतून, आणि तेथे ती खरोखर गरजेची आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण ठरलेले असते. एका भागाला साधारण चौदा-पंधरा भाग हवा. त्यामुळे शक्ती कमी हवी असेल तर पेट्रोल आणि हवा दोन्ही कमी करावी लागतात. हवा कमी करण्यासाठी इंजिनाच्या तोंडाशी एक फिरती चकती असते. तिला थ्रॉटल म्हणतात. पाय दाबला की चकती उघडते, पाय उचलला की मिटते.

टर्बोची पेट्रोल मोटार भरधाव चालली आहे आणि चालकाने गिअर बदलण्यासाठी पाय उचलला. चकती फट्दिशी मिटली. पण टर्बोचे चक्र क्षणात थांबत नाही. ते अजून हवा कोंबतेच आहे. ही हवा जाणार कोठे? आपल्या घरी नळ जोरात चालू असताना एकदम बंद केला, तर भिंतीतला पाइप धडकन वाजतो. पळत्या पाण्याला एकाएकी भिंत लागते आणि त्याचा धक्का मागे येतो. येथेही तोच प्रकार. दाबलेली हवा चकतीवर आपटते, मागे फिरते आणि टर्बोच्या पंख्यावर उलटी येते. पंख्याच्या पात्यांची हवेवरची पकड सुटते, हवा मागे सांडते, पुन्हा पकड बसते, पुन्हा सुटते. फुर्र-फुर्र असा जो आवाज येतो तो याचा. इंग्रजीत याला सर्ज म्हणतात; आपण हवेची उलटी म्हणू. दांड्याच्या बेअरिंगवर एकदा पुढे, एकदा मागे असे हिसके बसतात. हे वारंवार झाले तर टर्बो लवकर झिजतो.

यावर उपाय म्हणून टर्बो आणि चकती यांच्यामध्ये एक झडप बसवतात. चकती मिटली की झडप उघडते आणि कोंडलेली हवा सोडून देते. कधी बाहेर, कधी वळवून पुन्हा टर्बोच्या तोंडाशी. बाहेर सोडली की फिस्स असा आवाज होतो. शर्यतीच्या मोटारींमुळे हा आवाज प्रसिद्ध झाला आणि तरुणांच्या कानांत बसला.

येथे एक घोटाळा दूर करायला हवा. वेस्टगेट म्हणून दुसरी एक झडप असते, ती निराळी. ती धुराच्या बाजूला असते. टर्बो प्रमाणाबाहेर फिरू लागला की थोडा धूर ती बाजूने काढून देते. ती डिझेलच्या पुष्कळ टर्बोंवर कारखान्यातूनच येते आणि तिला हात लावायचे कारण नाही. आपण बोलतो आहोत ते हवेच्या बाजूच्या झडपेविषयी.

डिझेलच्या तोंडाला दार नाही

आता मुख्य मुद्दा. विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन आठवा. त्याच्या हवेच्या तोंडाशी तुम्ही कधी मिटणारी चकती पाहिली आहे काय? नसतेच. डिझेल इंजिनाची रीतच वेगळी आहे. रुडॉल्फ डिझेलचे पहिले यशस्वी इंजिन 1897 साली चालले, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. आत नुसती हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की दाबानेच ती रसरशीत तापावी, आणि मग तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा. फवारा आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही आणि प्रमाणही ठरलेले लागत नाही. शक्ती जास्त हवी तर फवारा मोठा, कमी हवी तर लहान. हवा मात्र येईल तेवढी येऊ द्यायची. उभ्या गाडीत इंजिन नुसते गुणगुणत असते तेव्हा एका भाग डिझेलला साठ-सत्तर भागही हवा असते आणि काही बिघडत नाही.

ट्रकच्या चालकाने पाय उचलला की काय होते ते आता पाहा. कोठलेही दार मिटत नाही. फक्त फवारा बंद होतो. फवारा बंद झाला की धूर गरम राहत नाही. धुरातली शक्ती गेली की टर्बोला फिरवणारा हात गेला. तो लगेच मंदावू लागतो. पाइपांत आणि इंटरकूलरमध्ये जी दाबलेली हवा उरली आहे तिला इंजिनाचे तोंड सताड उघडे आहे. तिचा हिशेबही करू. पाइप आणि इंटरकूलर मिळून पंचवीस लिटरांची जागा धरा. इंजिन सेकंदाला शंभर लिटर गिळते आहे. म्हणजे पाव सेकंदात तेवढी जागा एकदा उपसली जाते. गिअर बदलताना फेरे चौदाशेवर उतरले तरी सेकंदाला सत्तर लिटर चालूच असतात. चालकाचा हात गिअरच्या दांड्यावर पोचेपर्यंत कोंडलेली म्हणावी अशी हवा फारशी उरतच नाही. जे इंजिन स्वतःच हवा पिऊन टाकते, त्याला ती बाहेर ओकून टाकण्याची झडप कशाला?

आणखी एक पुरावा देतो. पेट्रोलची झडप उघडते कशाने? चकती मिटली की तिच्यामागे पोकळी तयार होते, ती पोकळी झडपेला ओढते. डिझेलमध्ये चकतीच नाही, म्हणून तशी पोकळीही नाही. पेट्रोलची झडप जशीच्या तशी डिझेलवर बसवली तर ती चालतच नाही. म्हणून डिझेलसाठी विकतात त्या संचात अ‍ॅक्सिलरेटरला विजेचे बटण जोडलेले असते आणि त्यावर चालणारी वेगळी झडप असते. म्हणजे पाय उचलला की बटण दाबले जाते आणि झडप उघडते. श्रोतेहो, याला गरज म्हणत नाहीत. ही शिट्टी झाली.

शिट्टीची किंमत

कोणी म्हणेल, शिट्टी तर शिट्टी; हौसेला मोल नाही. पण येथे मोल आहे.

पहिली गोष्ट, दाबलेली हवा फुकट मिळालेली नाही. ती तयार व्हायला चालकाचे डिझेल लागले आहे. दर गिअरला ती बाहेर सोडली की पुढच्या गिअरला पाइप नव्याने भरावा लागतो. तेवढा वेळ गाडी दम धरत नाही. सपाटीला हे जाणवणार नाही. पण भरलेला ट्रक खंबाटकी घाट चढत असताना दोन गिअरांच्या मध्ये गेलेला क्षणही महाग असतो.

दुसरी गोष्ट, झडप गळू लागली तर काय? स्प्रिंग थकते, रबर फाटते, कचरा अडकतो. मग पाय दाबलेला असतानाही हवा बाहेर जात राहते. जुन्या पंपाच्या इंजिनात फवारा तेवढाच आणि हवा अपुरी. म्हणजे काळा धूर, तापलेले इंजिन आणि घसरलेले अ‍ॅव्हरेज. शिवाय गळती भरून काढण्यासाठी टर्बोला नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरावे लागते. ज्या टर्बोचे आयुष्य वाढवायला निघालो त्याचेच आयुष्य असे घटते.

तिसरी गोष्ट नव्या गाड्यांची. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. या इंजिनांत हवेचा दाब मोजणारे आणि पुष्कळ ठिकाणी आत येणारी हवा मोजणारे संवेदक असतात. त्या मापावर इंजिनाचा संगणक फवारा ठरवतो. मोजलेली हवा आपण वाटेत सांडली की त्याचा हिशेब चुकतो. दिवा लागतो, गाडीची शक्ती तो आपणहून कमी करतो, आणि काजळी वाढली की धूर गाळणारी जाळी लवकर तुंबते. ती जाळी बदलणे म्हणजे लहानसहान खर्च नव्हे.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर. आवाज मोठा यावा म्हणून कोणी ब्रेकच्या हवेच्या टाकीतून फाटा काढायला सुचवले, तर त्या दुकानातून उठून यावे. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा जीव वाचवण्यासाठी आहे. ट्रकमधून एरवी जो फिस्स आवाज आपण ऐकतो तो बहुधा याच यंत्रणेचा असतो. टाकी भरली की हवा सुकवणारा डबा आपल्यातले पाणी बाहेर फेकतो, त्याचा तो आवाज. टर्बोशी त्याचा संबंध नाही. पण पुष्कळांची समजूत तशी असते आणि त्या समजुतीवर विक्री होते.

कायद्याचीही बाजू आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे, नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला मन मानेल तसा करता येत नाही. आणि धूर व आवाज यांचे नियम मोडणे हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. कारखान्याची हमी चालू असेल तर अशा बदलाने तीही धोक्यात येते.

अपवादही सांगायला हवेत

एकच बाजू मांडणे हे व्याख्यात्याला शोभत नाही. डिझेलमध्ये हवेची उलटी कधी होतच नाही, असे मी म्हणत नाही. गिअर बदलताना इंजिनाचे फेरे झपाट्याने उतरतात आणि टर्बो किंचित मागे रेंगाळतो. तेव्हा क्षणभर फुर्र असा आवाज येऊ शकतो. कारखान्याने जुळवून दिलेल्या टर्बोत यासाठी पुरेशी मोकळीक ठेवलेली असते. अमेरिकेत वजन ओढण्याच्या शर्यतींसाठी डिझेल इंजिनांवर मूळच्यापेक्षा कितीतरी मोठे टर्बो चढवतात. तेथे पाय उचलल्यावर उलटीचा जोर खरोखर मोठा असू शकतो, आणि काही जण झडप बसवतात ती विचार करूनच. पण ती गाडी काही मिनिटांची शर्यत धावते. आपली गाडी भाजी आणि सिमेंट वाहते.

नव्या डिझेलमध्ये हवेच्या मार्गात एक चकती असते, हेही खरे. पण ती शक्ती कमी-जास्त करण्यासाठी नसते. धुराचा काही भाग परत आत घेणे, जाळीतली काजळी जाळणे, इंजिन हिसका न देता बंद करणे, अशी तिची कामे आहेत. ती केव्हा आणि किती मिटवायची हे संगणक टर्बोकडे लक्ष ठेवून ठरवतो.

तिसरा अपवाद सीएनजीच्या ट्रकचा. ठिणगीवर चालणारे गॅसचे इंजिन स्वभावाने पेट्रोलच्या घराण्यातले. त्याला थ्रॉटल असते. त्याला टर्बो असेल तर हवा वळवून परत नेणारी झडप हवी असते, आणि ती कारखाना स्वतःच बसवून देतो. तेव्हा खरा प्रश्न डिझेल की पेट्रोल एवढाच नाही. पाय उचलल्यावर हवेच्या वाटेत दार मिटते की नाही, हा खरा प्रश्न. दार मिटत असेल तर झडप हवी. मिटत नसेल तर नको.

फुर्र आवाज आला तर

मग एखाद्याच्या ट्रकमधून चढावर, पाय दाबलेला असतानाच फुरफुर आवाज येत असेल तर? तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण झडप हा त्यावरचा उपाय नव्हे. ताप आलेल्याच्या कपाळाला अत्तर लावण्यासारखे ते होईल. आधी एअर फिल्टर पाहावा. तो धुळीने बुजला असेल तर टर्बोला हवा अपुरी मिळते आणि तो उलटीच्या टोकाला जातो. मग इंटरकूलर आतून तुंबला आहे का ते पाहावे. टर्बोची पाती सरकती असतील तर ती काजळीने अडकली आहेत का ते पाहावे. हवा गळते आहे अशी शंका असेल तर माहीतगार फिटरकडून पाइपांत थोडा दाब भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावून घ्यावे. बुडबुडे येतील तेथे दोष. होजची एक क्लिप बदलून गेलेले अ‍ॅव्हरेज परत आल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

टर्बोचे आयुष्य खरोखर वाढवायचे असेल तर तीन साध्या सवयी पुरतात. तेल वेळेवर आणि योग्य प्रतीचे बदलावे, कारण लाखभर फेरे घेणारा तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. सकाळी इंजिन सुरू करताच रेस करू नये. तेल वर पोचायला थोडा अवधी द्यावा. आणि घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नये. दोन-तीन मिनिटे इंजिन मंद चालू द्यावे. तापलेल्या बेअरिंगमध्ये तेलाचा प्रवाह एकदम थांबला की तेल तेथेच करपते. या सवयींचा आवाज होत नाही, म्हणून त्यांची जाहिरातही होत नाही.

हे सर्व त्या मुलाला सांगून झाले. त्याने नीट ऐकले. मग थोडे हसून म्हणाला, "काका, म्हणजे माझ्या गाडीच्या तोंडाला दारच नाही, आणि मी दार वाजवायला घंटा घ्यायला निघालो होतो!" इतके चांगले उदाहरण मलाही सुचले नव्हते. त्या पैशांतून त्याने नवा एअर फिल्टर आणला आणि होजचे दोन कुजलेले तुकडे बदलून घेतले.

श्रोतेहो, यंत्रे आता घरोघरी आली आहेत. त्यांच्याबरोबर त्यांना जोडायच्या नाना वस्तूही येतात, आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक गोड वाक्य येते. आपण सगळे इंजिनिअर होऊ शकत नाही. व्हायचे कारणही नाही. पण एक प्रश्न प्रत्येकाला विचारता येतो: ही वस्तू मूळ ज्या यंत्रावर होती, तेथे ती कोणती अडचण दूर करत होती, आणि ती अडचण माझ्या यंत्रात आहे काय? हे विचारायला पदवी लागत नाही. विकणाऱ्याला उत्तर देता आले तर वस्तू घ्यावी. तो नुसता आवाज ऐकवू लागला, तर त्याला नमस्कार करून घरी यावे.